सामायिक शीटमध्ये कुलूप कुठे लावायचं आणि काय उघडं ठेवायचं

महिनाअखेरीला मी आमच्या गटाच्या कामाच्या तासांची शीट उघडली, तर एका सहकाऱ्याच्या नावापुढे एकाच दिवसाचे १९२:०० तास! दिवसाला तास चोवीसच, त्यामुळे काहीतरी चुकलंय हे लगेच कळलं. कारण सापडायला मात्र वेळ लागला. शीट साधी होती: ए रकान्यात तारीख, बी मध्ये नाव, सी मध्ये काम सुरू झाल्याची वेळ, डी मध्ये संपल्याची वेळ आणि ई मध्ये एकूण तास. ई रकान्यात डी मधून सी वजा करणारं सूत्र होतं. त्या सहकाऱ्याने सूत्र असलेल्या सेलमध्येच ८ टाइप केलं होतं. स्प्रेडशीट वेळ साठवते ती दिवसाचा भाग म्हणून. १ म्हणजे एक पूर्ण दिवस. तासांचा फॉरमॅट दिलेल्या सेलमध्ये नुसता ८ लिहिला की शीटच्या लेखी ते आठ दिवस होतात, आणि आठ दिवसांचे तास १९२.

ही चूक डोळ्यांत भरण्याइतकी मोठी होती म्हणून सापडली. मग मी अख्खा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला, तर आणखी तीन सेलमधलं सूत्र गायब होतं. तिथे कुणीतरी नीटनेटकं ८:०० लिहिलं होतं. दिसायला अगदी बरोबर. पण त्यातल्या एका दिवसाची संपल्याची वेळ नंतर दुरुस्त झाली होती आणि एकूण तास मात्र जागचे हलले नव्हते. अशी चूक कुणाला दिसत नाही, ती बेरजेत जाऊन बसते.

कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सेल समोर दिसला, त्यात लिहिता आलं, म्हणून लिहिलं. तेव्हापासून चारजण मिळून वापरणार असलेली कुठलीही शीट मी कुलूप लावल्याशिवाय वाटत नाही. याचा एक फायदा मला नंतर कळला. स्प्रेडशीटला बिचकणारी माणसं लॉक केलेल्या शीटमध्ये मोकळेपणाने काम करतात, कारण आपल्या हातून काही मोडणार नाही याची त्यांना खात्री असते.

पुढे दोन्ही प्रचलित साधनांची, म्हणजे गूगल शीट्स आणि एक्सेलची, रीत सांगतो. मेनूतली नावं इंग्रजी मेनूप्रमाणे दिली आहेत. तुमचा मेनू मराठीत असेल तर नाव वेगळं दिसेल, जागा तीच.

कुलपाआधी: उघडं काय राहणार ते ठरवा

नवखे लोक सुरुवात करतात ती ‘काय लॉक करू?’ या प्रश्नाने. त्याऐवजी उलटं विचारा: दुसऱ्यांनी नेमकं कुठे लिहायचं आहे? आमच्या शीटमध्ये उत्तर होतं ए ते डी हे चार रकाने, दुसऱ्या ओळीपासून खाली. बाकी सगळं, म्हणजे मथळे, ई रकाना आणि सारांशाची वेगळी शीट, बंद. लिहिण्याच्या जागेला फिकट पिवळा रंग द्या. पिवळं म्हणजे ‘इथे लिहा’, पांढरं म्हणजे ‘नुसतं पाहा’. हा रंग कुठलंही कुलूप लावत नाही, पण निम्म्या चुका तोच थांबवतो.

मग सूत्रं शोधा. कंट्रोल धरून कीबोर्डवर १ च्या डावीकडची, तिरप्या टिंबाची कळ दाबा; गूगल शीट्स आणि एक्सेल दोन्हींत उत्तरांच्या जागी सूत्रं दिसू लागतात. पुन्हा दाबलं की पूर्ववत. एक्सेलमध्ये आणखी एक सोय आहे: एफ५ दाबा, ‘स्पेशल’ निवडा, त्यात ‘फॉर्म्युलाज’वर क्लिक करा, ओके करा. शीटमधले सूत्राचे सगळे सेल एकदम निवडले जातात. ज्या रकान्यात सूत्र असायला हवं तिथे मध्येच एखादा सेल निवडलेला नसेल, तर तिथे कुणीतरी आकडा हाताने लिहिलेला आहे.

सूत्रं बरोबर आहेत का, हेही आताच तपासा, कारण कुलूप चुकीच्या सूत्रालाही तितक्याच निष्ठेने जपतं. सूत्रातली चूक कशी लपून राहते याचं एक प्रसिद्ध उदाहरण अर्थशास्त्रातलं आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध लिहिला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट मिळवून पाहिली, तेव्हा सरासरीचं सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं ते ४४ व्या ओळीवर थांबलेलं आढळलं. पाच देश हिशेबातून सुटले होते. तोवर त्या निबंधाचे दाखले जगभरच्या धोरण-चर्चांत दिले गेले होते. तेव्हा प्रत्येक बेरजेच्या सूत्रावर डबल क्लिक करा आणि रंगीत चौकट शेवटच्या ओळीपर्यंत पोचते का ते बघा.

आमच्या सूत्रातही एक खोट निघाली. काम रात्री दहाला सुरू होऊन सकाळी सहाला संपलं, तर डी उणे सी ऋण येतं आणि एक्सेल अशा सेलमध्ये नुसती फुल्यांची रांग (####) दाखवतं. सहकारी ई मध्ये हाताने आकडे का भरत होते, याचं एक कारण हेच असणार! उपाय सोपा आहे: वजाबाकी मॉड या, भागाकारातली बाकी देणाऱ्या, फंक्शनमध्ये घालून भाजक १ द्या. आणि डी रिकामा असेल तर उत्तरही रिकामं राहावं यासाठी बाहेरून इफ लावा. सूत्र असं होतं:

=इफ(डी२="","",मॉड(डी२-सी२,१))

फंक्शनची नावं (IF, MOD) आणि सेलची नावं (D2, C2) अर्थातच शीटमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आहेत. कुलूप लावण्याआधी हे केलं नाही, तर रात्रपाळीच्या माणसाची अडचण तशीच राहते आणि आता ती सोडवायला त्याच्याकडे सेलही नसतो.

गूगल शीट्समध्ये

हे काम संगणकावर, ब्राउझरमध्ये करा. फाइल तुमच्या मालकीची असेल तर उत्तम.

ई रकान्याच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण रकाना निवडा. वरच्या ‘डेटा’ मेनूत ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ आहे; त्यावर क्लिक केलं की उजवीकडे एक पट्टी उघडते. तिथे ‘अ‍ॅड अ शीट ऑर रेंज’ दाबा. पहिला चौकोन वर्णनाचा आहे. तो बहुतेकजण रिकामा सोडतात. तुम्ही सोडू नका. ‘एकूण तास, सूत्र, हात लावू नये’ असं काहीतरी लिहा. सहा महिन्यांनी या पट्टीत दहा कुलपं साठलेली असतील तेव्हा कोणतं कशासाठी लावलं होतं हे त्या एका ओळीवरूनच कळेल. त्याखाली रेंज, म्हणजे निवडलेल्या सेलचा पट्टा, बरोबर आली आहे ना ते पाहा आणि ‘सेट परमिशन्स’ दाबा.

आता दोन पर्याय येतात. पहिल्यात लिहिणाऱ्याला फक्त इशारा मिळतो: हा भाग सहसा बदलायचा नसतो, तरी पुढे जायचं का? त्याने हो म्हटलं की लिहिता येतं. दुसऱ्यात कोण लिहू शकेल हेच ठरवायचं असतं: ‘ओन्ली यू’ म्हणजे फक्त तुम्ही, किंवा ‘कस्टम’ म्हणजे नावं निवडून. सूत्रांसाठी मी नेहमी दुसरा पर्याय घेतो. इशाऱ्याची चौकट लोक दोनदा वाचतात, तिसऱ्यांदा न वाचता ओके करतात. तो पर्याय मी ठेवतो मथळ्यांच्या ओळीसाठी, जिथे क्वचित खरंच बदल लागतो आणि तो कुणीही केला तरी चालतं. शेवटी ‘डन’.

पूर्ण शीट बंद करायची असेल तर त्याच पट्टीत ‘रेंज’ऐवजी ‘शीट’ निवडा. तिथे ‘एक्सेप्ट सर्टन सेल्स’ अशी टिक आहे. ती केली की उघडे ठेवायचे सेल सांगता येतात. शीट बंद झाली की खालच्या टॅबवर छोटं कुलूप दिसतं.

मग कधी शीट बंद करून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि कधी फक्त रेंज बंद करायची? मला अनुभवाने पटलेला हिशेब असा: लिहिण्याच्या जागा ठरलेल्या आणि थोड्या असतील, एखाद्या छापील फॉर्मसारख्या, तर पूर्ण शीट बंद करा. रोज खाली नव्या ओळी वाढत जाणार असतील, लोकांना मध्ये ओळ घालावी लागणार असेल, तर फक्त रेंज बंद करा. कारण पूर्ण शीट बंद असताना इतरांना ओळी घालता किंवा काढता येत नाहीत. रेंज बंद ठेवली तरी एक गोष्ट लक्षात असू द्या. ई मधला सेल बंद असलेली ओळ दुसरं कुणी डिलीट करायला गेलं तर शीट नकार देते. आम्हाला ते सोयीचंच ठरलं. चुकीची नोंद आली तर ए ते डी मधला मजकूर पुसायचा, ओळ तशीच राहू द्यायची, असा आम्ही नेम केला.

नव्या ओळींचा प्रश्न इथेच येतो आणि बहुतेकांची पहिली फजिती इथेच होते. ई बंद आहे. सहकाऱ्याने शेवटच्या ओळीखाली नवी नोंद केली, पण त्या ओळीच्या ई मध्ये सूत्रच नाही, आणि घालायला त्याला परवानगीही नाही! मग तो तुम्हाला फोन करणार. यावर दोन तोडगे आहेत. सूत्र आधीच पाचशे ओळींपर्यंत खाली ओढून ठेवा; वरच्या इफमुळे नोंद होईपर्यंत ते सेल रिकामे दिसतात. किंवा ई२ मध्ये एकच अ‍ॅरेफॉर्म्युला लिहा, जो खालचा सगळा रकाना आपोआप भरतो. मला दुसरा आवडतो, कारण जपायचं सूत्र एकच उरतं. पण मग पूर्ण रकाना बंद ठेवणं अनिवार्य होतं: अ‍ॅरेफॉर्म्युलाच्या वाटेत कुणी एका सेलमध्ये जरी काही लिहिलं, तरी सूत्र पसरू शकत नाही, ई२ मध्ये ‘#REF!’ अशी एरर येते आणि सगळ्यांचे तास एकदम नाहीसे होतात. माहिती कुठेही गेलेली नसते, तो अडसर पुसला की सगळं परत येतं. पण पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा तो येतोच.

आता चाचणी. सगळं झाल्यावर तुम्ही स्वतः ई मध्ये लिहून पाहाल आणि ते लिहिलं जाईल. घाबरू नका. फाइलच्या मालकाला गूगल शीट्स कधीच अडवत नाही. खरी चाचणी दुसऱ्याच्या नजरेने करायची असते: एखाद्या सहकाऱ्याला बोलावून त्याच्या खात्यातून लिहायला सांगा, किंवा तुमचं दुसरं खातं असेल तर ते वापरा. ई मध्ये नकार आला पाहिजे आणि ए ते डी मध्ये लिहिता आलं पाहिजे. दुसरी अर्धी चाचणीही करा, कारण चुकून जास्त बंद झालेली शीट तितकाच त्रास देते.

एक्सेलमध्ये: कुलूप आधीच लागलेलं असतं

गूगल विचारतं, ‘तुम्ही कोण?’ एक्सेल विचारतं, ‘पासवर्ड काय?’ एवढा फरक ध्यानात ठेवला की पुढचं सोपं जातं. एक्सेलमध्ये शीट प्रोटेक्ट केली की ती सगळ्यांसाठी सारखीच बंद होते, तुमच्यासाठीही.

आणि नवख्यांना गोंधळात टाकणारी गोष्ट ही: एक्सेलच्या प्रत्येक सेलवर ‘लॉक्ड’ ही खूण पहिल्या दिवसापासून असते. ती जागी होते शीट प्रोटेक्ट केल्यावर. म्हणून कुणी सरळ ‘प्रोटेक्ट शीट’ दाबलं की सगळंच बंद होतं आणि मग वाटतं की एक्सेलला निवडक सेल बंद करता येत नाहीत. काम दोन टप्प्यांत करायचं असतं, आधी उघडायचे सेल उघडायचे, मग शीट बंद करायची:

१. ए२ पासून डी ५०० पर्यंतचे, म्हणजे लिहिण्याचे पिवळे सेल निवडा.

२. कंट्रोल आणि १ दाबा. ‘फॉरमॅट सेल्स’ची चौकट उघडेल. शेवटच्या ‘प्रोटेक्शन’ टॅबवर जा आणि ‘लॉक्ड’ची टिक काढा. ओके. शीटवर काहीच बदललेलं दिसणार नाही, ते ठीक आहे.

३. वरच्या ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘प्रोटेक्ट शीट’ दाबा.

४. पासवर्ड मागितला जाईल. रिकामा ठेवला तरी शीट बंद होते, फक्त कुणीही ‘अनप्रोटेक्ट शीट’ दाबून ती उघडू शकतं. निव्वळ हात घसरू नये एवढ्यासाठी कुलूप असेल तर पासवर्ड नसलेलाच बरा. दिलात तर लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी लक्षात राहिली पाहिजेत. विसरलेला पासवर्ड मायक्रोसॉफ्टही परत काढून देत नाही.

५. त्याच चौकटीत खाली परवानग्यांची यादी आहे. ती वाचल्याशिवाय ओके करू नका.

या यादीवर थोडं थांबू या, कारण ‘शीट लॉक केल्यापासून काहीच करता येत नाही’ ही तक्रार इथूनच उगवते. सुरुवातीला दोनच टिका असतात: लॉक केलेले सेल निवडणे आणि अनलॉक केलेले सेल निवडणे. लॉक केलेले सेल निवडण्याची टिक काढली तर बंद सेलवर कर्सर जातच नाही. फॉर्मसारख्या शीटला हे छान, पण मग कुणाला ई मधलं सूत्र पाहता येत नाही की आकडा कॉपी करता येत नाही. मी ती टिक ठेवतो. तसंही प्रोटेक्ट केलेल्या शीटमध्ये टॅबची कळ दाबत गेलं की कर्सर एका उघड्या सेलवरून पुढच्या उघड्या सेलवर उडी मारतो. भरणाऱ्यांना हे नक्की सांगा, त्यांचा बराच वेळ वाचतो.

रकान्यांची रुंदी बदलू द्यायची असेल तर ‘फॉरमॅट कॉलम्स’ला टिक करा, नाहीतर तारखेच्या जागी फुल्या दिसल्या की त्या रुंद करायलाही लोकांना तुमच्याकडे यावं लागेल. फिल्टरसाठी ‘यूज ऑटोफिल्टर’ आहे, पण फिल्टरची बटणं शीट बंद करण्याआधीच मथळ्यांवर लावून ठेवावी लागतात. बंद शीटवर नवीन लावता येत नाहीत. ‘सॉर्ट’ची टिक मात्र फसवी आहे. ती केली तरी क्रम लावायच्या पट्ट्यात एकही लॉक केलेला सेल असेल तर सॉर्ट होत नाही. आपल्या शीटमध्ये ई बंद आहे, म्हणजे पूर्ण तक्ता सॉर्ट होणार नाही. ज्यांना नावानुसार पाहायचं आहे त्यांना फिल्टर वापरायला सांगा. गूगल शीट्समध्ये हीच अडचण ‘फिल्टर व्ह्यू’ने सुटते: ज्याचा त्याचा क्रम ज्याच्या त्याच्या पडद्यावर, मूळ शीट आहे तशी.

एक्सेलचा तक्ता ‘टेबल’ म्हणून बनवलेला असेल तर आणखी एक अडथळा येतो. एरवी टेबलच्या खाली लिहिलं की ते आपोआप वाढतं. शीट प्रोटेक्ट केल्यावर वाढत नाही. यावर मला साधा मार्गच बरा वाटतो: बंद करायच्या शीटमध्ये टेबल न करता साधी रेंज ठेवायची आणि सूत्र आधीच खाली ओढून ठेवायचं.

वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे पट्टे द्यायचे असतील, तर शीट बंद करण्याआधी ‘रिव्ह्यू’मधलं ‘अलाऊ एडिट रेंजेस’ वापरता येतं. प्रत्येक पट्ट्याला वेगळा पासवर्ड बसतो. आणि शीट बंद केली तरी तिचा टॅब उघडाच असतो: कुणीही तिचं नाव बदलू शकतं, फाइलमधली बंद नसलेली शीट काढून टाकू शकतं. ते थांबवायला ‘रिव्ह्यू’मध्येच ‘प्रोटेक्ट वर्कबुक’ आहे. सारांशाची शीट दुसऱ्या शीटवरून आकडे घेत असेल तर हे नक्की लावा.

ऑनलाइन एकत्र वापरल्या जाणाऱ्या एक्सेल फाइलबद्दल एक सावधगिरी. सूत्र सुधारायला तुम्ही शीट अनप्रोटेक्ट केलीत, की त्या वेळी फाइलमध्ये असलेल्या सगळ्यांसाठी ती उघडी होते. दुरुस्ती शांत वेळेला करा आणि पुन्हा बंद करायला विसरू नका.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये रीत जवळपास एक्सेलचीच आहे: ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये ‘सेल प्रोटेक्शन’, मग ‘टूल्स’ मेनूत ‘प्रोटेक्ट शीट’.

उघड्या सेललाही थोडी शिस्त

कुलूप सूत्रं वाचवतं, पण पिवळ्या सेलमध्ये कुणी ‘सकाळी साडेनऊ’ असं अक्षरांत लिहिलं तर वजाबाकी बिघडणारच. इथे ‘डेटा व्हॅलिडेशन’, म्हणजे सेलमध्ये काय लिहिता येईल याचा नियम, लावा. दोन्ही साधनांत ते ‘डेटा’ मेनूतच आहे. नावांच्या रकान्याला ड्रॉपडाउन द्या, नाहीतर एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलं जाईल आणि सारांशात तो तीन माणसं होऊन बसेल. तारखेच्या रकान्यात फक्त तारीख. एक्सेलमध्ये वेळेच्या रकान्यांना ‘टाइम’ निवडून ०:०० ते २३:५९ एवढी मर्यादा घालता येते. कुणी नुसता ८ लिहिला तर तो जागीच नाकारला जातो. चुकीची नोंद आल्यावर काय संदेश दिसावा हेही लिहिता येतं. ‘वेळ ९:३० अशी लिहा’ एवढं पुरतं.

व्हॅलिडेशनचा शत्रू म्हणजे कॉपी-पेस्ट. दुसऱ्या सेलमधून आणून चिकटवलं की मजकुराबरोबर त्या सेलचा फॉरमॅट येतो आणि इथला नियम पुसला जाऊ शकतो. एक्सेलमध्ये तर ‘लॉक्ड’ ही खूणही फॉरमॅटबरोबरच प्रवास करते: कुणी बाहेरून कॉपी केलेला सेल पिवळ्या सेलवर चिकटवला आणि दुसऱ्या क्षणी तो पिवळा सेलच बंद झाला, असं घडतं. म्हणून चिकटवताना फक्त व्हॅल्यू चिकटवायची सवय सगळ्यांना लावा. गूगल शीट्समध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. एक्सेलमध्ये राइट क्लिक करून पेस्टच्या पर्यायांतलं ‘व्हॅल्यूज’.

हे कुंपण आहे, तिजोरी नव्हे

इथे मी आग्रहाने सांगतो, कारण लोक याबाबत भ्रमात राहतात. सेल लॉक केल्याने त्यातली माहिती गुप्त होत नाही. गूगल शीट्समध्ये बंद केलेली रेंज सगळ्यांना वाचता येते, आणि ज्याला फाइलची प्रत काढता येते तो आपल्या प्रतीत हवं ते बदलू शकतो. लपवलेली शीट एडिटर असलेला कुणीही मेनूतून उघडू शकतो. एक्सेलची फाइल आतून पाहिली तर ती मजकुराच्या फाइलींचं एक झिप गाठोडं असते. शीटचं कुलूप ही त्यातली एक ओळ, आणि जाणकार माणूस ती ओळ काढून टाकू शकतो. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही आपल्या सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय की शीटचं संरक्षण म्हणजे सुरक्षाव्यवस्था समजू नये.

पगार, आजारपणाची माहिती, ओळखपत्रांचे क्रमांक असं काही असेल तर ते बंद सेलमध्ये नको, लपवलेल्या रकान्यात नको. वेगळी फाइल करा आणि ती गरज असलेल्यांनाच द्या. एक्सेलमध्ये पूर्ण फाइलच पासवर्डशिवाय उघडू नये अशी सोय आहे: ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’, ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’. यात फाइल खरोखर सांकेतिक स्वरूपात बदलली जाते, त्यामुळे हे कुलूप शीटच्या कुलपापेक्षा कितीतरी पक्कं असतं, आणि त्याचा पासवर्ड हरवणं तितकंच महाग पडतं.

गूगल शीट्स वाटताना ‘शेअर’च्या चौकटीतही लक्ष घाला. ज्याला फक्त पाहायचं आहे त्याला ‘व्ह्यूअर’ ठेवा. लिहायचं नसलेल्या माणसासाठी सेल लॉक करत बसण्यात अर्थ नाही. त्याच चौकटीत दातेरी चाकाची खूण आहे. तिथे एडिटरनी आणखी लोकांना आत घेऊ नये आणि पाहणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट, कॉपीचे पर्याय दिसू नयेत, असं ठरवता येतं.

तरीही बिघडलं तर

गूगल शीट्समध्ये त्या सेलवर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ पाहा: कुणी, कधी, आधी काय होतं, सगळं दिसतं. माझी ती तीन गोठलेली ८:०० अशीच उलगडली. पूर्ण शीट मागे न्यायची असेल तर ‘फाइल’मध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’. कुलपं लावून झाली की तिथेच त्या दिवशीच्या आवृत्तीला नाव देऊन ठेवा, म्हणजे परतायला एक ठिकाण राहतं. ऑनलाइन ठेवलेल्या एक्सेल फाइलमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘शो चेंजेस’ आहे. त्यात ६० दिवसांपर्यंतचे बदल दिसतात.

बदल कुणी केला ते सापडलं की त्याला चारचौघांत विचारू नका. एकट्याला विचारा, आणि ‘असं का केलंत?’ऐवजी ‘तिथे काय करायचं होतं?’ असं विचारा. त्या उत्तरातून बहुतेक वेळा शीटमधलीच एखादी उणीव समोर येते. आमची रात्रपाळीची खोट अशीच पक्की कळली.

आता राहिली शेवटची तजवीज. पहिल्या ओळीच्या वर एक बंद ओळ घाला आणि लिहा: ‘पिवळ्या सेलमध्ये लिहा. बाकी बदल हवा असेल तर अमुक व्यक्तीला कळवा.’ किल्ली मात्र एकाच माणसाकडे ठेवू नका. गूगल शीट्समध्ये ‘कस्टम’ निवडून आणखी एका विश्वासू सहकाऱ्याचं नाव घाला. एक्सेलमध्ये पासवर्ड दोघांना माहीत असू द्या. आणि गटातून कुणी गेलं किंवा नवं आलं की ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ची पट्टी एकदा उघडून नावं पाहा. आमच्या पट्टीत परवाच एक नाव सापडलं, गट सोडून गेलेल्या सहकाऱ्याचं. त्याला ई रकान्यात अजून लिहिता येत होतं.